पेल्यातली दोरी

आमच्याबरोबर खडकावर मासे गरवायला येणारे काका गळाची दोरी घेताना पाकिटावरच्या छापाला कधी भुलायचे नाहीत. दुकानातच पाण्याचा पेला मागायचे आणि दोरीचा तुकडा आत सोडायचे. साधी तंगूसची, म्हणजे नायलॉनची दोरी पाण्यातही चकाकते, फ्लोरोकार्बनची दिसेनाशी होते. "माशाला दिसली की संपलंच रे," म्हणायचे. त्या पेल्यापायी तासभर जायचा, माझी चिडचिड व्हायची.

परवा बऱ्याच महिन्यांनी त्यांना दुकानात नेलं. पेला डोळ्यांना जवळजवळ चिकटवून ते बघत राहिले. मग खुशीत म्हणाले, "गेली बघ दिसेनाशी! हीच घे."

पेल्यात दोरी लख्ख चकाकत होती. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

"हो काका," मी म्हटलं, "अजिबात दिसत नाही."