लाल बाणाची मशीन

आमच्या वर्कशॉपमधले किस्से कोंड्यासारखे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! गोंदियात आम्ही बचत गटांसाठी धान भरडायच्या छोट्या मशीन बनवतो. मी ऑफिसात फोन उचलते आणि अलीकडे मशीनची माहितीपुस्तिकाही लिहिते. हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते आधी ऐका.

आमचे मेकॅनिक टेंभरेभाऊ, हीच आमची खरी पुस्तिका. मशीन अडली की गावातून फोन येणार, आणि भाऊ म्हणणार, "फोन मशीनजवळ धर." मग डोळे मिटून ऐकायचं आणि सांगायचं, "पट्टा ढिला आहे जी!" नाहीच जमलं तर मोटरसायकलला किक. पण डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. पुढे कित्येक महिने दगदग नाही, गाडी नाही. ऑपरेशनची त्यांना भीती नव्हती. "सालेकशाच्या बाया नवीन आहेत हो. मी नसलो त मशीन बंद पडून राहील," हाच घोर! मला फार वाईट वाटलं. ते ऑपरेशनसाठी नागपूरला जायच्या आत, नवख्या माणसाला एकट्याने मशीन चालवता येईल अशी पुस्तिका करायचीच, असं आम्ही ठरवलं, आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं.

*

जुनी पुस्तिका आमच्या इंजिनिअर साहेबांनी लिहिली होती. पुण्याचा गोड माणूस, पण लेखणी हातात आली की "यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी सर्व घटकांची खातरजमा करावी" असलं काहीतरी! ती मी सालेकशाच्या गटाच्या अध्यक्ष सुनीताबाई उईकेंना वाचायला दिली. बिचारीने पहिल्यापासून शेवटपर्यंत मन लावून वाचली. मग हळूच म्हणाली, "समदं चांगलं लिहून आहे जी. पण बटन कुठी आहे?"

पाहिलं तर खरंच! बटण कुठे आहे, ते अख्ख्या पुस्तिकेत लिहिलंच नव्हतं!

"ते तर दिसतंच ना!" साहेब म्हणाले.

"मागं आहे साहेब," भाऊ म्हणाले. "भिंतीकडे."

*

"मशीन नियमित स्वच्छ करावी" अशी त्याच जुन्या पुस्तिकेत एक ओळ होती. एका गटाने दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती फारच मनावर घेतली. साबण, ब्रश, बादल्या भरभरून पाणी... म्हशीला घालावी तशी आंघोळ! वर झेंडूचा हार. दुसऱ्या दिवशी फोन, "माय वो, मशीन बोलूनच नाही राहिली!"

आता मोटरला पाणी लावू नये, हेही पुस्तिकेत होतं. पण पार शेवटी! तिथपर्यंत पोचायच्या आधीच मशीन न्हाऊन झाली होती. भाऊंनी जाऊन मोटर उघडली, वाळवली, आणि हार होता तसा परत घातला. तेव्हापासून जे करायचं नाही ते आम्ही पहिल्याच पानावर छापतो.

*

मग मी फोटो टाकले. प्रत्येक भागाकडे लाल बाण! स्वतःवरच जाम खूश होते मी. कच्च्या प्रती काही गटांना पाठवल्या, तर पहिलाच फोन, "मॅडम, आमच्या मशीनले लाल बाणच नाही. जुना माल पाठवला का?"

"अहो काका, बाण फक्त फोटोत असतो."

"मंग मशीनवर नाही त फोटोत कायले दाखवता?"

मी कपाळाला हात लावला. भाऊ मात्र उठले, ऑइलपेंटचा डबा आणला आणि शेडमधल्या सगळ्या मशीनवर बाण रंगवत सुटले. साहेब धावत आले, "अहो, हे काय चाललंय?"

"पुस्तिका बदलवाले वेळ लागते जी!" आता आमची मशीन लाल बाण घेऊनच बाहेर पडते.

*

साहेब बदलले ते मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात. वहिनी माहेरी गेलेल्या. साहेबांनी जन्मात पहिल्यांदा भात लावायला घेतला आणि फोन केला, "पाणी किती?"

"अंदाजाने टाका."

"अंदाजाने म्हणजे?"

"तांदूळ जुना असेल तर जास्त."

"जुना कसा ओळखायचा?"

वहिनींनी फोनच ठेवून दिला! धानाच्या मशीनचा इंजिनिअर, आणि जेवला काय, तर खळ! दुसऱ्या दिवशी आल्या आल्या माझी पुस्तिका ओढली आणि "अंदाजाने", "योग्य प्रमाणात", "आवश्यकतेनुसार" सगळं खोडून काढलं. मला म्हणाले, "नवीन माणसाला अंदाज कुठून असणार हो?"

*

पुस्तिका छापून झाली, गावोगाव गेली आणि भाऊ नागपूरला गेले. ऑपरेशन नीट पार पडलं. गटांना तसा निरोप धाडून मी आणि साहेब भेटायला गेलो. भाऊ पार वाळून गेले होते. पहिला प्रश्न, "सालेकशावाल्यांचा फोन?"

"एकही नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "बंदच पडली असंल मंग. मले त्रास नको म्हणून सांगून नाही राहिल्या." साहेबांनी किती समजावलं, ऐकायला तयार नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुनीताबाई! मी स्पीकर लावला.

"बाई, आज भाऊले भेटाले जाणार होता ना? फोन धरा बरं त्यांच्या कानाजवळ."

आणि त्या खोलीत मशीनची घरघर सुरू झाली. भाऊ वळले. डोळे मिटून ऐकत राहिले. कितीतरी वेळ.

"पट्टा ठीक आहे," शेवटी म्हणाले. "रोलरही ठीक आहे. काय बिघडलं जी?"

"काहीच नाही भाऊ! काल बंद पडली होती. आमीच वाचून वाचून सुरू केली. तुमाले आवाज आयकवाचा होता."