आडनावं चपलांजवळ

ताईंबरोबर एखाद्या गावाला जाऊन आलं, की काम अर्धंच होतं आणि किस्से मात्र तीन-चार गोळा होतात. मी त्यांच्या संस्थेत नवीन. समाजकार्याची पदवी आहे, पण साधा फोन वाजला तरी दचकते. ही पोरगी काम कसं करणार, याची ऑफिसात सगळ्यांना काळजी. सगळ्यात जास्त मला.

ताईंनी कॉलेजात असताना श्रीरामपूरला मैत्रिणींचं मंडळ काढलं. शेतकऱ्यांच्या, बौद्ध, ख्रिश्चन, सगळ्या घरच्या मुली. नियम दोनच. आडनाव बाहेर चपलांजवळ ठेवायचं, आणि एकीनं बोलावलं की बाकीच्यांनी कारण न विचारता यायचं. आता सगळ्यांनी साठी ओलांडली. नियम तेच.

* * *

मध्यंतरी त्यांच्यातल्या लीलाताईंना दवाखान्यात ठेवलं. काउंटरवरच्या मुलानं पेशंटचं आडनाव विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तुम्ही नातेवाईकच ना?"

"नातेवाइकांपेक्षा जवळच्या," ताई म्हणाल्या.

"मग आडनाव?"

"ती शुद्धीवर आली की तिलाच विचारा. आम्ही कधी विचारलं नाही."

* * *

आमच्या वसतिगृहातली कोमल बारावीला. वय सतरा. दिवाळीला कोपरगावकडे आपल्या गावी गेली ती परत आलीच नाही. फोन बंद. तिची मैत्रीण शनिशिंगणापूरची, म्हणून ताईंनी मला एकटीला तिकडे पाठवलं.

घराला दारच नाही. टकटक करायची कशावर? मी उंबऱ्याशी उभी राहून खोकले. परत खोकले. शेवटी आतून आजोबा म्हणाले, "पोरी, दवाखाना फुडं हाय."

मैत्रिणीकडून कळलं ते असं: रविवारी कोमलला बघायला पाहुणे येणार, आणि पसंत पडली की लगेच लग्न.

* * *

"पोलिसांना सांगू या का?" मी ताईंना विचारलं.

"नंबर काढून ठेव. पण पोलीस नेले, तर त्या घराचं दार पोरीला कायमचं बंद होईल. आधी आपण जाऊन बसू."

"आपण म्हणजे?"

रविवारी ताईंच्या मंडळानं टेम्पो गच्च भरला. कुठं जायचंय, हे एकीनंही विचारलं नाही. मंदाताई तर शेळीसकट चढल्या. "बाजारातच फोन आला. हिला कुठं ठिवू?"

* * *

कोमलच्या आईला वाटलं, पाहुणेच आले. तिनं सतरंजी टाकली, पोहे दिले. सगळ्या मुकाट्यानं खायला लागल्या.

तेवढ्यात खरे पाहुणे आले. टेकायला जागा नाही. मुलाची आई दारातच थांबली.

"ह्या कोन?"

"मुलीकडच्या," ताई म्हणाल्या. "आमच्यातली एक दिली, की बाकीच्यांचं येणंजाणं आलंच. सणाला, बाळंतपणाला."

"समद्या?"

"आज थोड्याच आहेत."

"ऱ्हायाला?"

"मग एवढ्या लांबून येऊन लगेच परतायचं का?"

त्या बाईनं सतरंजीवर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. शेळीपाशी जरा थांबली. मग मुलाला म्हणाली, "गाडी वळव."

पाहुण्यांची गाडी निघून गेली. आतून कोमल बाहेर आली. खांद्याला कॉलेजची बॅग. बापाकडे न बघता टेम्पोशी जाऊन उभी राहिली.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. तो नुसताच रिकाम्या बश्यांकडे बघत होता.

"न्या तिला. शिकवा," तो म्हणाला. "फकस्त तुमी समद्या परत येऊ नका."

ताईंनी पदराला हात पुसले. "निकालाला येऊ. तेव्हा मात्र जेवूनच जाऊ."