यामिनीचं वाय-फाय आणि संध्याचा डबा

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, एडिसन, अमेरिका. सकाळपासून गार वारा. चहा दोन कपांचा टाकला, एकच प्यायले. संध्या आजही आली नाही.

संध्या माझ्या खालच्या मजल्यावर राहते, माझ्यासारखीच एकटी. तिच्याकडे इंटरनेट नाही. दरमहाचं बिल परवडत नाही. म्हणून रोज सकाळी ती माझ्याकडे यायची आणि माझ्या वाय-फायवर नाशिकच्या बहिणीशी, शुभाशी, बोलायची. तिकडे तेव्हा संध्याकाळ. हे गेल्यापासून माझ्या घरात तेवढाच काय तो माणसांचा आवाज.

आता ती यामिनीकडे जाते.

यामिनी नागपूरची. नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि कामाची परवानगी नाही म्हणून कित्येक वर्षं घरात बसून राहिली. परवानगी मिळाल्याबरोबर ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत चकली-शेवेचं एवढंसं दुकान काढलं. छोट्या दुकानांतून स्वस्त वाय-फाय द्यायची योजना निघाली तेव्हा मोठ्या दुकानदारांनी नाकं मुरडली. हिने फ्रिजवर यंत्र बसवून घेतलं. दिवसाला एक डॉलर. हॉटेलांतले आचारी, टॅक्सीवाले, मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा, सगळे तिथेच. खुर्च्या चार, तरी कुणाला उभं ठेवत नाही; स्वतः पिठाच्या पिंपावर बसते. तिच्यात खोट शोधायला मी बरीच मेहनत घेतली. आवाज मोठा आहे, एवढंच सापडलं.

संध्याचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला होता. रिकामा डबा परत देऊ नये, काहीतरी करून घालायचं आहे, अशी सबब मी सांगत होते. खरं म्हणजे डबा इथे आहे तोवर ती येईल असं वाटत होतं. आज रागाने तो तसाच, रिकामा, उचलला आणि दुकान गाठलं.

संध्या फोनवर ओरडत होती, "आईच्या पाटल्या तूच लपवल्यास, शुभे! आता म्हणे ऐकू येत नाही!"

"सोडू नका, मावशी!" चकलीचा सोऱ्या फिरवत यामिनी हसत होती.

फोन संपल्यावर मी विचारलं, "माझं फुकटचं वाय-फाय काय वाईट होतं?"

"अगं, फुकट होतं तेच! तुझा चहा पीत, तुझ्या सोफ्यावर बसून बहिणीशी भांडायचं कसं? आणि तू मध्येच शुभाला, जेवलात का, विचारणार. इथे डॉलर टाकते आणि मनसोक्त भांडते."

मी डबा पुढे केला. तो हलका लागला तसा संध्याचा चेहरा उतरला. यामिनीने झटकन तो काढून घेतला.

"काकू, तुम्ही यात शेव भरायला सांगितली होती ना? विसरलेच बघा."

मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने काठोकाठ शेव भरली. धड उद्धटपणासुद्धा या बाईने मला करू दिला नाही.

संध्याने वास घेतला आणि डबा माझ्याकडे सरकवला. "माझ्या कवळीला शेव कुठली झेपते? तूच ने. उद्या भांडण आटपलं की चहाला येते, तेव्हा डबा दे."

"पाटल्या उद्या मिटतील?" यामिनीने विचारलं.

"छे गं. उद्या नथीचा विषय काढायचाय."

संध्याकाळ. डबा पुन्हा ओट्यावर. शेव खाऊन पाहिली. खुसखुशीत आहे, मीठ किंचित जास्त.