लाल गाडी आणि संतोषची जीप

गॅरेजमध्ये जुने नटबोल्ट साचतात ना, तसे किस्से साचतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत. मालवणातल्या आमच्या गॅरेजातले निम्मे किस्से आप्पांच्या लाल स्पोर्ट्स कारचे. जन्मभर बोटीवर इंजिनीअर असलेल्या आप्पांनी ही टप नसलेली, दोन सीटची जुनी गाडी मुंबईहून आणली. इच्छा एकच. बायकोला, म्हणजे माईंना, शेजारी बसवून आंबोली घाट चढायचा.

माई म्हणायच्या, "त्या खेळण्यात मी बसूचंय नाय." त्या बाजाराला जायच्या ते भाच्याच्या, संतोषच्या, छोट्या फोर-बाय-फोर जीपमधून.

*

आमचा बाबी मेस्त्री लाल गाडीचं बॉनेट उघडण्याआधी चपला काढतो. खोटं नाही, मी रोज बघतो!

संतोष एकदा वैतागला. "माझ्या गाडयेक हात लावताना तू कधी तोंडातली विडी तरी काढलंस?"

*

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. समोरची मासेवाली कोयता हातात धरून तशीच उभी राहिली. बाबीने लगेच नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही गाडी खंयच थांबाक नको, असा कर रे म्हाराजा!"

आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

देवाने ऐकलं. पहिल्याच उतारावर ब्रेक लागेना. गाडी थेट गवताच्या उडवीत घुसली. आप्पा केसांतलं गवत काढत शांतपणे म्हणाले, "बाबी, फुडच्या गाऱ्हाण्यात ब्रेकाचा पण घाल."

*

तोंडवलीच्या वाटेवर स्पीडब्रेकर आहे. संतोषची जीप माशांचे क्रेट घेऊन त्यावरून टुणकन गेली. लाल गाडीचं पोट मात्र मधोमध टेकलं आणि आम्हाला ती उचलून पलीकडे ठेवावी लागली.

आप्पा म्हणाले, "गाडी वायट नाय रे. रस्तो उंच आसा."

*

मग क्लच दाबताना आप्पांचा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर ड्रायव्हिंग बंद. आम्हाला फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी आप्पा गाडी पुसत होते. माई आल्या, दार उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "चला, आंबोलीक."

आम्ही मागून जीपमध्ये. घाटात धुकं, वर पाऊस, आणि अर्ध्यात लाल गाडी बंद. बाबीने सगळं करून पाहिलं. शेवटी जीप पुढे घेऊन दोर बांधला. आप्पांची मान खाली गेली होती, मला त्यांच्याकडे बघवेना.

संतोष म्हणाला, "माई, तू जीपीत ये. हंय भिजतलंस."

माईंनी छत्री उघडली, आप्पांच्या डोक्यावर धरली.

"तू फुडे बघून ओढ," त्या म्हणाल्या. "आमी दोघा फिराक इलंव."