कंधारची रुबीना, लातूरचे फिजिक्सवाले सर आणि मिशी

"लोक लातूरला डॉक्टर व्हायला जातात. तू कशाला चाललीस?" आईने विचारलं. मी म्हटलं, रुबीनासाठी! रुबीना माझी ऑनलाइन मैत्रीण, कंधारची. तिला ऐकू येत नाही. ओठ वाचून साध्या शाळेतूनच तिने दहावी काढली. आता तिला लातूरच्या क्लासमध्ये सायन्स करायचं होतं. तिच्या अब्बांची अट एकच: डेमोच्या दोन दिवसांत समजलं तर ॲडमिशन, नाही तर परत कंधार. आणि मी दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर वीकेंड कोर्स केलेला. म्हणजे एक्स्पर्टच!

पुण्याहून ट्रेनने नांदेड. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पोटभर जेवा, मगच कंधारची एसटी पकडा, रस्ता सगळं जिरवतो. किल्ल्यासाठी दोन तास ठेवा. गावातच रुबीनाच्या अब्बांचं सलून आहे. चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लातूरला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठी लवकर जा. स्टँडजवळ सुशीला खाल्ला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमाच. समोरच्या बोर्डावर फिजिक्सवाले सर, ओठ झाकणारी झुपकेदार मिशी. अब्बा घास हातात धरून बघतच राहिले.

क्लासमध्ये पहिल्या बाकासाठी मी भांडायच्या तयारीत होते, पण वॉचमनकाकांनीच रुबीनाला तिथे बसवलं. सर बोलायला लागले. रुबीनाने वहीत लिहून माझ्यापुढे सरकवलं, "ओठ कुठायत?"

मी मोबाईलवर बोलणं लिहून देणारं ॲप लावलं. दीडशे पोरांच्या गलक्यात त्याने एकच वाक्य बरोबर लिहिलं, "ए, गप बसा रे."

संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये मी वीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन उघडायला घेतलं. तेवढ्यात अब्बा म्हणाले, "सर, मिशी जरा कमी करता का? पोरीला ओठ दिसंना गेलेत."

चहा आणणारे मामा दारातच थांबले.

"अहो, ही मिशी गावभर बोर्डावर हाय," सर म्हणाले. "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शिकवायलो होतो. वय बावीस. पालक यायचे अन् मलाच विचारायचे, सर कुठं हायत? तव्हा ठेवली."

"आता डोक्याचे केस पांढरे झाले सर. आता कोण पोरगं समजतंय?"

सरांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग मामांना म्हणाले, "दार लावा."

अब्बांच्या पिशवीत कैची होतीच!

सकाळी सर आले तेव्हा वर्गात शिट्ट्या. रुबीना दहा मिनिटं बघत बसली आणि तिने हात वर केला. "सर, ओठ दिसले. पण तुम्ही अर्धं वाक्य फळ्याकडं तोंड करून बोलता."

मागून एक रिपीटर ओरडला, "हाव सर! मागच्या साली बी मला तेवढंच समजलं न्हाई!"

अख्खा वर्ग हसला. सरांनी खडू ठेवला. "मग तव्हाच सांगायचं न्हाई का रे, येड्या?" त्या दिवसापासून ते आधी लिहितात, मग वळून बोलतात. दुपारी अब्बांनी ॲडमिशनचा फॉर्म भरला.

पुण्यात आल्यावर ते प्रेझेंटेशन मी डिलीट केलं. त्यात पंधरा उपाय होते, पण "सरांना विचारा" हा नव्हता.

काल रुबीनाचा मेसेज आला. मिशी परत वाढतेय. अब्बा दर महिन्याला कैची घेऊन लातूरला येतात, केबिनचं दार लावतात. सर बाहेर पाटी लावतात: पालकसभा चालू आहे.