गोधडीला घास

“थांब, अंगावर घिऊ नको. ती अजून उपाशी हाय.”

आबांचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या मागं खोलीत एखादी मांजर येऊन बसलीय. मी वळून पाहिलं. मांजर नव्हती. आबांच्या मांडीवर शिवून होत आलेली गोधडी होती आणि तिच्या उघड्या कोपऱ्यातून ते चपातीचा तुकडा दोन बोटांनी आत सरकवत होते. आजारी माणसाला भरवावं तसं. मग तो कोपरा त्यांनी शिवून टाकला, दोरा दातानं तोडला आणि गोधडीच्या पोटावर दोनदा थोपटलं.

“घे आता. झालं तिचं जेवन.”

गाईला घास घालणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कावळ्याला घालणारीही पाहिली असतील. गोधडीला घास घालणारा माणूस पाहिलाय? मी पाहिला. नुसता पाहिला नाही, सहा वर्षं त्याच्या भिंतीला भिंत लावून राहिलो.

वाळूजला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आबा स्वयंपाकी होते. मूळचे करमाडकडचे. शेती दोघा मुलांच्या हवाली करून, बायको गेल्यावर, पन्नाशीत ते कॅन्टीनला लागले. अंगानं दांडगे, आवाज असा की वरणाला फोडणी दिली की आबा ओरडले हे लांबून कळायचं नाही. आणि मिशी एवढी, की वाढायला वाकले की ती आपल्या ताटात उतरते की काय अशी मला रोज धास्ती वाटायची. ती कधी उतरली नाही. पण मला धास्ती वाटायला काही घडावंच लागतं असं नाही.

मी पॅकिंगला होतो. आठवीतून शाळा सुटलेली, गाव पार राजुऱ्याच्या पलीकडं. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस आणि दिवाळीची सुट्टी चार दिवस. घरी जाऊन आईला दारातूनच नमस्कार करून माघारी फिरावं लागलं असतं. माझ्यासारखे आठ-दहा जण होते. रांजणगावच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये सगळ्यांची दिवाळी म्हणजे झोप. आबांना हे पटायचं नाही. “सनाला कुनी तरी कुनाला काय तरी द्यावं लागतंय,” ते म्हणायचे. “नायतर त्या दिवसाला सुट्टी म्हनावं, सन कशाला म्हनावं?”

म्हणून दसरा झाला की ते कामाला लागायचे. कंपनीत नवे गणवेश मिळाले की जुने आबांकडं जमा. कॅन्टीनच्या मागच्या ओट्यावर दुपारची भांडी निघाली की आबा मांडी घालून बसायचे आणि पँटींचे पाय उसवायचे. आतला थर जुन्या धोतरांचा, लुगड्यांचा, वरचा थर निळ्या गणवेशांचा. धावदोरा एकसारखा, कडेनं सुरू करून गोल गोल मध्याकडं. शिलाई सुरेख. पण कापड वाया घालवायचं नाही हा हट्ट इतका, की ते खिसेसुद्धा काढत नसत. आमच्या प्रत्येक गोधडीला दोन-तीन खिसे असायचे.

“आबा, गोधडीला खिसा कशाला?”

“तंबाखूला. झोपेत उठून खुंटीपतूर जातूस का?”

एका मित्राच्या गोधडीवर, बरोबर छातीच्या जागी, ‘आधी सुरक्षा’ असं छापलेलं होतं. माझ्या पहिल्या गोधडीवर पोटाच्या जागी ‘अग्निशामक पथक’ आलं. मी ती उलटी पांघरायचो, तर ते पायावर यायचं.

विणकामाची तर वेगळीच तऱ्हा. ऑफिसातल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत त्यांना सुलटा टाका, उलटा टाका शिकवला आणि लोकरीचे गुंडे आणि दोन सुया दिल्या. आबांनी सुया चार दिवसांत हरवल्या. मग सायकलच्या चाकाच्या तारा घासून त्यांवर ते विणायला लागले. कुणाच्या सायकलच्या, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. पण त्या वर्षी हजेरी मांडणाऱ्या साहेबांची सायकल जरा लचकत चालायची.

त्यांनी आम्हा सगळ्यांना कानटोप्या विणल्या. माप कुणाच्याच डोक्याचं घेतलं नाही. माप घेतलं लोट्याचं. विणता विणता टोपी लोट्यावर चढवून बघायचे.

“लोट्यावर बसली म्हंजी डोस्क्यावर बसती.”

नऊ टोप्या झाल्या. नऊही लोट्यावर फार छान बसत. माणसांपैकी फक्त एकाला बसली, आणि तो बिचारा त्यानंतर कायमचा ‘लोट्या’ झाला. बाकीच्यांनी तक्रार केली तर आबा उलट चिडले. “तुमची डोस्की मोठी, त्याला मी काय करू? आत काय हाय म्हनून येवढी मोठी ठिवलीत?” त्या हिवाळ्यात आमच्या प्रत्येक खोलीत पाण्याचा लोटा कानटोपी घालून बसलेला असायचा.

पण घासाची गोष्ट मात्र आबा थट्टेवारी नेऊ देत नसत. त्यांची आई प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात काहीतरी शिवायची, म्हणून ते शिवायचे. “हिला जलमभर दुसऱ्याला ऊब द्यायची हाय. उपाशीपोटी कशी देईल?” यावर तुम्ही काय बोलणार?

माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हाची ही हकीकत. खरं म्हणजे ती वेळ दोनदा येऊन गेली होती. दोन्ही ठिकाणी मुलगी पाहिली, पसंती झाली, आणि मुलीकडचे माझी खोली बघायला आल्यावर मोडलं. पत्र्याला, खाटेला त्यांची हरकत नव्हती. “मागं माणूस कोण?” या प्रश्नाला होती. वडील नाहीत, आईचे गुडघे गेलेले, भाऊबंद दीड दिवसाच्या वाटेवर. लेकीला एखाद्या रात्री ताप आला तर दार कुणाचं वाजवायचं, असं दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी तोंडावर विचारलं होतं.

हे तिसरं ठिकाण चिकलठाण्याचं. मुलगी मला मनापासून आवडली होती. तिनं चहा देताना हळूच विचारलं होतं, “साखर कमी झालीय का?” आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. साखर खरंच कमी होती. मी म्हणालो, “भरपूर आहे.” आता तिचे वडील आणि आत्या दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी खोली बघायला येणार होते. हेही मोडलं तर पुन्हा कुणाकडं चहाला जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

पाडव्याला आबांनी मला नवी गोधडी दिली. गणवेशाचा एक तुकडा नाही. हिरवी, जांभळी लुगडी, लाल काठ. दुकानातून आणावी तशी. “पाव्हनं बसतील हिच्यावर,” ते म्हणाले. मी ती वापरलीसुद्धा नाही. नवी राहावी म्हणून गुंडाळी करून भिंतीच्या कडेला उभी ठेवली. तीन दिवस.

इथं माझी चूक झाली.

पाहुणे आले. मी गोधडी अंथरली. आबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. माझ्याकडून बसायला कुणी नको का, म्हणून मीच त्यांच्या हातापाया पडलो होतो. त्यांनी मुलीच्या वडिलांना हाताला धरून कोपऱ्यावर नेलं.

“या पाव्हनं, हितं टेका. ह्यो कोपरा जरा भरीव हाय.”

पाहुणे टेकले. आणि खालून आवाज आला, ‘कुर्रम्!’

पाहुण्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं. आत्याबाई तोंडाला पदर लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या. ते मागच्या वर्षीचं होतं.

“नोकरी पक्की आहे ना?” पाहुण्यांनी विचारलं.

“हो.”

“पाणी?” म्हणताना त्यांनी बूड हलवलं. पुन्हा ‘कुर्रम्’.

“एक दिवसाआड येतं.”

ते या मांडीवरून त्या मांडीवर झाले. मग त्या मांडीवरून या. चेहरा लाल होत चालला. मला वाटलं, खोली आवडली नाही, उठायला निमित्त शोधतायत. मी घाईघाईनं सांगितलं, पाणी कधीकधी रोजही येतं. ते तर कधीच आलं नव्हतं.

“गाव फार लांब तुमचं,” ते दात आवळून म्हणाले. “इथं मागं... आई गं... मागं माणूस कोण?”

आला तो प्रश्न. मी खाली बघितलं. आणि ‘आई गं’ कशासाठी ते मला कळलं. गोधडीच्या कोपऱ्यातून लाल मुंग्यांची एक रांग शिस्तीत बाहेर पडत होती आणि पाहुण्यांच्या धोतरात शिरत होती.

पाहुणे एकदम उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी मांड्या बडवायला लागले. झालं, मोडलं, असं मी मनात म्हणालो. आत्याबाई ओरडल्या, “अगं बाई! काय झालं?”

“मुंग्या! ह्या गोधडीत मुंग्या आहेत!”

“मुंग्या कशा असतील?” आबा शांतपणे म्हणाले. मग वाकून बघितलं. “हायेत.” मग जरा विचार करून म्हणाले, “लाडूला आल्या असतील.”

“कुठल्या लाडूला?”

आबांनी सगळं सांगितलं. एरवी चपातीचा तुकडा असतो; पण दिवाळी, त्यात पोराच्या लग्नाची बैठक, म्हणून ह्या गोधडीला पूर्ण जेवू घातलंय. एक बेसनाचा लाडू, दोन शंकरपाळी, अर्धी करंजी, आणि गोडाची चव मोडायला एक चकली. पाहुणे मांडी चोळायचे थांबले.

“चकली?”

“तीच वाजली.”

आत्याबाईंचा पदर तोंडावरून सुटला. त्या इतक्या हसल्या, की त्यांना भिंत धरावी लागली. पाहुणे मात्र गंभीर होते. “तो कोपरा उसवा आधी,” ते म्हणाले.

“न्हाय,” आबा म्हणाले.

“अहो, मुंग्या आहेत!”

“असू द्या. सनाच्या दिवशी मी कुनाच्या तोंडचा घास काढीत नसतो. झटकून देतो. उसवनार न्हाय.”

मी आबांकडं हात जोडून बघत होतो. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. पाहुण्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही मुलाचे कोण?”

“मी? मी शेजारी ऱ्हातो. अन् ह्याला जेवाय घालतो.”

“नातं काय, विचारतोय.”

“त्येच की सांगालो.”

“आजारी पडला तर?”

“तवा मऊ भात घालतो.”

उभ्याउभ्याच त्यांनी धोतराचा सोगा झटकला. एक मुंगी उचलून दाराबाहेर सोडली. मग बहिणीकडं वळून म्हणाले, “अक्का, जिथं गोधडीसुद्धा जेवून झोपती, तिथं आपली पोरगी उपाशी राहायची नाही. साखरपुड्याचं बोला तुम्ही.” आणि मला म्हणाले, “फक्त मी आता बसणार नाही.”

सगळी बोलणी त्यांनी उभ्यानं केली. चहासुद्धा उभ्यानं घेतला. आबा जाताना माझ्या कानात म्हणाले, “लई हलका मानूस. येवढ्याशा मुंगीला उठला.”

लग्नानंतर आबा सहा महिन्यांनी निवृत्त झाले आणि करमाडला मुलाकडं गेले. आम्ही वर्षातून दोन-तीनदा जायचो. माझ्या बायकोला ते ‘पाव्हनीन’ म्हणत आणि माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलत. नंतर त्यांची नजर उतरली. शिवणं हातात बसलेलं होतं, त्याला डोळे लागत नव्हते. पण सुई ओवता येईना. सुनेला रोज किती वेळा हाक मारायची, म्हणून ते अवघडायचे. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिनं एका उन्हाळ्यात त्यांना वीस सुया ओवून दिल्या, हातभर दोऱ्याच्या, आणि त्यांच्या उशीला ओळीनं टोचून ठेवल्या.

“वीस म्हंजी बक्कळ,” आबा उशीवरून बोट फिरवत म्हणाले. “पुन्यांदा येशील तवर पुरत्यात बघ.”

पुन्हा आम्ही गेलो ते श्रावणात, त्यांच्या दहाव्याला. सुनेनं उशी पुढं केली. अकरा सुया तशाच होत्या, ओवलेल्या. सून म्हणाली, आठवण म्हणून न्या, दोरे काढून डबीत घालून देते. तर आमची मुलगी रडायलाच लागली. दोरे काढायचे नाहीत, आबांनी मोजून घेतल्या होत्या, म्हणायला लागली. कागदात गुंडाळल्या तर दोऱ्यांचा गुंता होणार, नाही तर काय! शेवटी तिनंच त्या एकेक करून माझ्या सदऱ्याला, छातीवर, ओळीनं टोचल्या. लाल, पांढरे, काळे दोरे माझ्या पोटापर्यंत लोंबत होते.

एसटीला गर्दी होती. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. “काय हो,” तो म्हणाला, “कुणी शिवायचं अर्धवट सोडलं काय तुम्हाला?” मागची माणसं हसली. बायको हसली. मलाही हसू येत होतं. पण जोरात हसलो असतो तर टोचल्या असत्या. मी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पोट आत घेतलं आणि चिकलठाण्यापर्यंत श्वास जपून घेत आलो.