महानंदाच्या हळदीतली पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

आमचं शेत लोह्याजवळ. मधे बांध — अलीकडे माझी हळद, पलीकडे महानंदाची, माझ्या धाकट्या जावेची. दीर ट्रकवर, सदा बाहेर. शेत तीच बघायची. पण पीक आजारी वाटलं की गावातल्या बाया बोलवायच्या मला. पान हातात घेतलं की मी रोग सांगायची. तेवढंच तर माझं स्वतःचं होतं.

मग नांदेडहून एक मुलगी स्वतः बनवलेली, पानाला चिकटवायची पट्टी घेऊन आली. रोग डोळ्यांना दिसायच्या आधी पट्टीला कळतो, फोनात हिरव्याचं लाल होतं. चाचणीला तिनं महानंदाचं शेत निवडलं. माझं का नाही? विचारलं नाही मी. पाणी साचतं त्या खालच्या कोपऱ्यात पट्टी लावली, कारण कंदकूज तिथूनच सुरू होते. जाताना बजावून गेली — पट्टी हलवायची नाही, ती ज्या झाडावर आहे तेवढ्याचंच सांगते. बाकीचं रान फिरून बघायचं.

थोड्याच दिवसांत बाया महानंदाच्या फोनाभोवती. एक म्हणाली, "अक्का, आता तुमाला सुट्टी बगा." मीही हसले. बोटभर प्लास्टिकवर कुणी जळतं का? मी जळले.

आई पडली म्हणून महानंदा उदगीरला माहेरी गेली. त्याच दुपारी मी बांध ओलांडला. पट्टी सोडवली — आणि वर, कोरड्या जागी, एका धडधाकट झाडाला लावली. पट्टी चुकावी, एवढंच हवं होतं — असं तेव्हा मनाला सांगितलं. पण खालच्या कोपऱ्यात शेजारच्या झाडांची पानं कडेनं पिवळी पडली होती. मला ती दिसली होती.

उदगीरहून तिचा फोन आला. "अक्का, हिरवंच दाखवायलंय. तरी तुमी एकदा बगून घ्या. मला तुमच्या डोळ्याचा भरवसा."

इथं — इथं तरी थांबता आलं असतं.

"बगितलं," मी म्हणाले. "चांगलं हाय."

ती यायच्या आधी पट्टी जागेवर लावून टाकली. मग फोन लाल झाला. तोवर खोडं हात लावताच उपटून येत होती, निम्मी हळद गेली होती. बाया म्हणाल्या, कुजल्यावर सांगणारं मशीन काय कामाचं? ती मुलगी पट्टी उलटसुलट करून बघत राहिली. आपलंच काही चुकलं म्हणाली, आणि घेऊन गेली.

बाया पुन्हा माझ्याकडे येतात. यंदा महानंदानं मला हाताला धरून त्याच कोपऱ्यात नेलं. सोबतच्या बायांना सांगत होती, "मशीननं फसवलं. अक्का न्हाई फसवायची."

मी वाकले, पान हातात घेतलं, आणि पानाला काय आहे तेवढं खरं सांगितलं.